कावेरी टीचरचा सिनेमा

परवा पुण्यात एक तमिळ सिनेमा बघायला गेले होते. न जुळणाऱ्या जोडप्याची गोष्ट. तो गबाळा, ती टापटिपीची; पाचव्या मिनिटाला भांडण, दोन तासांनी लग्न. खाली इंग्रजी अक्षरं नीट उमटत होती, वाक्य न् वाक्य कळत होतं, तरी काही केल्या मजा येईना. मध्यंतरात लक्षात आलं, की माझा डावा कान रिकामा आहे. तमिळ सिनेमा बघायचा तर डाव्या कानाशी कावेरी टीचर हव्यात, ही सवय चेन्नईतल्या चार वर्षांनी लावली, ती काही सुटत नाही.

श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कामगारांच्या सुरक्षेच्या विभागात होते. कंपनीची बस सकाळी सहाला अण्णा नगरातून निघायची, म्हणून तिथेच खोली शोधत होते. सोबत ऋतुजा, आयटीतली, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. एजंट म्हणाला, मराठी लोकांचं घर आहे. आम्ही हुरळून गेलो. बेल वाजवली तर दारात एक बुटक्या, ठसठशीत बाई उभ्या. सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि ब्लाउजला अडकवलेलं लाल पेन.

"कोण तुम्ही? कोठून आलां? जेवलां कीं?" त्यांनी एका दमात विचारलं. आवाज एवढा, की समोरच्या घरातले गृहस्थ खिडकीत आले.

मी म्हटलं, नाशिकची.

"नाशिक? सरी, सरी. आम्हीही तिकडचेच," त्या म्हणाल्या. "येऊन साडेतीनशे वर्षें झालीं, इतकेंच."

कावेरी टीचरचं माहेर-सासर दोन्ही तंजावरचं. मराठ्यांचं राज्य तिकडे गेलं तेव्हा पूर्वज गेले, आणि त्यांच्याबरोबर गेलेली भाषा घरातल्या घरात टिकली. तमिळ हेल काढून, ‘ठीक’च्या जागी तमिळ ‘सरी’ घालून बोललेली जुन्या कागदपत्रांतली मराठी ऐकायची म्हणजे पहिले दोन दिवस गंमतच वाटते. ऋतुजा जिन्यात मला म्हणाली, "अगं, या बखर बोलतात." पण भाडेकरू म्हणून आम्हाला ठेवून घेतलं ते त्याच बखरीतल्या भाषेत, आणि पहिल्याच संध्याकाळी पिठलं वर पाठवलं. त्यात चिंच आणि कढीपत्ता भरपूर होता. आम्ही तक्रार केली नाही.

काकू, मावशी त्यांना चालत नसे. तेहेतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे फक्त टीचर. निवृत्त झाल्या तरी शाळा अंगातून गेली नव्हती. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर हातभर लांबीचा काळा फळा होता. पाण्याची मोटर कधी लावायची, दूध किती घ्यायचं, जिन्यात चपला कोणी अस्ताव्यस्त काढल्या, सगळं त्यावर. लाल पेनाला तर सुट्टीच नाही. लग्नपत्रिका आली की आधी त्यातल्या चुका काढायच्या, मग आहेराचं बघायचं. एकदा पालिकेची नोटीस गेटवर लागली होती. तिच्यातली एक बेरीज दुरुस्त करून टीचरनी खाली सही ठोकली.

आवाजाचं मात्र सांगायलाच हवं. साठ मुली आणि एक पंखा असलेल्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून कमावलेला आवाज तो. घरातही त्याच पट्टीत. आमच्या गल्लीत कोणाकडे काय शिजलं हे कोणाला विचारावं लागत नसे; निदान आमच्या घरचं तरी नाहीच.

या बाईंना एकच व्यसन होतं, सिनेमाचं, आणि तेही एकाच जातीच्या सिनेमाचं. मारामारीचे नाहीत, देवाचे नाहीत, भुताचे नाहीत. "मारामारी शाळेंत पुष्कळ पाहिली," म्हणायच्या. त्यांना लागे प्रेमाची धमाल, आणि जोडी विजोड हवी. ती डॉक्टर, तो मंडपवाला. तो शाकाहारी, तिचं मासळीचं दुकान. अशी जोडी पडद्यावर आली, की टीचर खुर्चीत पुढे सरकून बसत. घरी आल्यावर फळ्यावर मार्क पडत, शंभरापैकी. एका नायकाचे दहा मार्क हेल्मेट न घातल्याबद्दल गेले. एका नायिकेने पावसात अनोळखी म्हातारीला छत्री दिली म्हणून पाच मिळाले, आणि ती परत मागितली नाही म्हणून आणखी दोन.

सगळ्यात कडक तपासणी प्रेमाची. "प्रेम झालें, सरी. स्टेप्स कोठें?" हे त्यांचं आवडतं वाक्य. उत्तर बरोबर असून रीत लिहिली नाही, तर गणितात शून्य देणाऱ्या त्या बाई. नायकाने नायिकेला पाहिलं, गाणं झालं आणि लगेच साखरपुडा, असं असलं की टीचर चिडायच्या. ऋतुजाने ऑफिसातला एक मुलगा आवडतो म्हणून सांगितलं, तेव्हा तिलाही हाच प्रश्न. बिचारी तीन दिवस स्टेप्स आठवत होती.

आम्हाला तमिळ येत नव्हतं, ही टीचरना पर्वणीच होती. दर रविवारी दुपारचा खेळ, अण्णा नगरातल्याच एका मॉलमध्ये. त्या मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना, आणि पडद्यावर जे बोललं जाई ते त्या तिथल्या तिथे मराठीत सांगत. पडद्यावर हाफपँटमधला आयटीतला मुलगा लिफ्टमध्ये मुलीला दोन शब्द बोलायचा, आणि माझ्या कानात यायचं, "तुजवांचून मज अन्न गोड लागेना, म्हणून सांगतो." मुलगी खांदे उडवून काहीतरी पुटपुटायची. "ती म्हणत्ये, तुमचें मन तुम्हांपाशीं ठेवा." मी हसून हसून पॉपकॉर्न सांडलेलं आहे.

टीचरचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं बोलणं. मागच्या रांगेतून हमखास कोणीतरी शुक् शुक् करी. एकदा एक चाळिशीचे गृहस्थ चांगलेच तापले. टीचर सावकाश मागे वळल्या आणि तमिळमध्ये त्यांना एवढंच विचारलं, "कितवीत आहेस?" ते पुढे सिनेमा संपेपर्यंत गप्प बसले. दुसऱ्या एका रविवारी उलटंच झालं. दोन खुर्च्या सोडून लातूरचा एक इंजिनिअर बसला होता. मध्यंतरानंतर तो वाकून म्हणाला, "काकू, जरा मोठ्याने सांगता का? शेवटचं वाक्य इकडे पोचलं नाही." जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी टीचरना मोठ्याने बोलायला सांगत होतं. त्या इतक्या खूश झाल्या, की त्याला काकू म्हटल्याचीही माफी मिळाली.

एक सिनेमा मला नीट आठवतो. नायिका दातांची डॉक्टर, नायकाचं मिठाईचं दुकान. तो दात किडवणार, ती काढणार. सगळं थिएटर हसत होतं. शेवटी ती कोइंबतूरला निघते. बसच्या पायरीवर उभी राहून त्याला काहीतरी सांगते, तो मान हलवतो, बस जाते. टीचरनी आम्हाला सांगितलं, "ती म्हणत्ये, शनिवारीं येत्यें, लाडू करून ठेवा." आम्ही डोळे पुसत बाहेर पडलो. दोन महिन्यांनी तोच सिनेमा मी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांसह पाहिला. नायिका पायरीवरून म्हणत होती, माझी वाट बघू नकोस.

मी तशीच खाली गेले. "टीचर, तुम्ही आम्हाला शेवट बदलून सांगितलात."

त्या वाल सोलत होत्या. जराही ओशाळल्या नाहीत. "ती चुकली," म्हणाल्या. "चूक दिसली तर दुरुस्त करावी कीं नको? मी टीचर आहें."

मग वालाचं ताट माझ्याकडे सरकवलं. मीही वाल सोलायला बसले. मग त्यांनी रावांचं सांगितलं.

राव म्हणजे त्यांचे यजमान, रघुनाथराव. घरात होते, पण आहेत असं वाटू नये इतके शांत. उंच, शिडशिडीत. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात चौतीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर वॉशर पाडायचं काम केलेलं. आता दिवसभर खिडकीत बसून गल्लीतल्यांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करत. मी जाता जाता गुड मॉर्निंग म्हटलं तर मान वर करत नसत. समोर जाऊन उभी राहिले की तोंडभर हसत. क्रिकेट बघत ते टीव्हीचा आवाज बंद करून. आम्ही दोघींनी त्यांना लहरी ठरवून टाकलं होतं. टीचर म्हणायच्या, "आमचे राव म्हणजे भिंत. भिंतीवर निदान पाल तरी बोलते."

त्या दिवशी वाल सोलताना कळलं, की ही भिंत कधीकाळी सिनेमाला जात असे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघं दर रविवारी जात. रावांना इंग्रजी सिनेमे आवडत, टीचरना तमिळ. आळीपाळीने बघत आणि घरी येईपर्यंत भांडत. मग हळूहळू राव टाळाटाळ करू लागले. एकदा भर सिनेमातून उठून बाहेर जाऊन बसले. म्हणाले, मज नाहीं आवडत. त्यानंतर कधीच गेले नाहीत. टीचर दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला विचारत, आणि ते नको म्हणत.

"सिनेमा नाहीं आवडत, तें एक वेळ सरी," टीचर म्हणाल्या. "माझ्या शेजारीं बसणेंही नाहीं आवडत? तीन तास? अंधारांत?" त्यांनी वालाचं टरफल जरा जोरात टाकलं. "एकदां आले असते तर पुन्हां विचारलें नसतें."

मला त्या बाईची फार दया आली, आणि रावांचा रागही आला. शेवट बदलून का सांगितला ते आता विचारायची गरज नव्हती. पण माझ्या पोटापाण्याचा धंदा लक्षात घेता मला त्याच क्षणी काही दुसरं सुचायला हवं होतं. दर वर्षी प्रेस शॉपमधल्या दीडेकशे कामगारांना काचेच्या खोलीत बसवून, ऐकू किती येतं ते तपासायला कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगणारी मी. ज्याने आयुष्य प्रेसच्या दणदणाटात काढलं तो माणूस पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाही, हे रोज बघत होते, आणि लहरी म्हणत होते. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

उलगडा झाला तो टीचरचा आवाज गेला तेव्हा. शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा होता. माइक बंद पडला. दुसरं कोणी थांबलं असतं. टीचर दीड तास तशाच बोलल्या. दुसऱ्या दिवशी घशातून नुसती हवा. डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या पट्ट्या सुजल्या आहेत, तीन आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. गल्लीवर शोककळा पसरली. दूधवाला मला गेटवर गाठून हळूच विचारू लागला, घरात सगळं ठीक आहे ना. टीचर सगळं फळ्यावर लिहीत आणि खडूंवर खडू संपत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी कॉफीला खाली गेले. राव आमच्याकडे पाठ करून खिडकीशी पेपर वाचत होते. टीचरनी तव्यावरचा दोसा ताटात घेतला आणि रावांना बोलवायला चमचा ताटावर वाजवला. राव हलले नाहीत. आणखी जोरात वाजवला. नाहीच. टीचरच्या कपाळावर आठी आली. हा माणूस आता आवाज गेलेल्या बायकोलाही दाद देत नाही, हे त्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होतं. तेवढ्यात त्यांचा धक्का लागून स्टीलचा मोठा डबा ओट्यावरून खाली पडला. झाकण गरगरत पार दारापर्यंत गेलं. वरून ऋतुजा काय झालं म्हणून धावत आली. रावांनी पेपरचं पान उलटलं.

टीचर तिथेच थांबल्या. त्यांची आठी गेली. जिचं उत्तर सतत चुकतंय त्या मुलीची वही पहिल्या ओळीपासून तपासताना असावा, तसा चेहरा झाला. त्या रावांच्या मागे गेल्या आणि कानाजवळ टाळी वाजवली. मग दुसऱ्या कानाजवळ. मग पुढे येऊन उभ्या राहिल्या. राव मान वर करून हसले. म्हणाले, "दोसा झाला कां?"

टीचर फळ्याकडे गेल्या. मोटरची वेळ पुसली आणि लिहिलं, कधींपासून?

रावांनी ते वाचलं. आमच्याकडे एकदा बघितलं. नाही म्हणायला त्यांना वाव होता, पण ते म्हणाले, "वॉशरचा मोठा प्रेस आला, तेव्हांपासून. हळूहळू."

टीचरनी लिहिलं, मज कां नाहीं सांगितलें?

"तुझें ऐकूं येत होतें," राव म्हणाले. "बाकीच्यांचें ऐकून काय करायचें होतें?"

मी आणि ऋतुजा दाराशी उभ्या होतो. जावं की राहावं कळत नव्हतं. राव पेपरची घडी घालत होते, उघडत होते, परत घालत होते.

"सिनेमांत मात्र अवघड होई," ते म्हणाले. "सगळे हसत. मी कोणाकडे पाहून हसूं? तूं विचारशील, काय कळलें म्हणून. बहिरा म्हणशील, त्यापेक्षां हट्टी म्हण, असें वाटलें."

टीचरनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी पदरानेच फळा पुसला. आम्हाला साधा हात लावू देत नसत त्या फळ्याला, डस्टर कुठे आहे म्हणून ओरडत. मग ताट आणून रावांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. इतकी वर्षं ती बाई समजत होती की हा माणूस आपलं काही ऐकत नाही, आणि तो फक्त तिचंच ऐकत होता.

पुढचं मी केलं. आमच्या कारखान्यात तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांकडे रावांना नेलं. प्रेसने खणखणीत आवाज आधी जातात, मोठा भरीव आवाज तेवढा उरतो, असं सांगून त्यांनी कानाला यंत्र बसवलं. घरात त्याचा उपयोग झाला. पहिल्याच दिवशी स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून राव दचकले. टीचरचा आवाज परत आला तो निम्मा होऊन. ओरडायला डॉक्टरांची सक्त बंदी. त्यामुळे त्या रावांच्या समोर जाऊन, तोंड नीट हलवून बोलायला शिकल्या. रावांना शिकायची गरज नव्हती. प्रेसच्या गोंगाटात ओठ वाचायची सवय त्यांना कित्येक वर्षांची होती.

त्या वर्षीचा लग्नाचा वाढदिवस आला. आम्ही दोघी जिन्यात कान लावून बसलो होतो. टीचर काही विचारेचनात. राव इतकी वर्षं का नको म्हणत ते कळल्यावर त्यांना विचारवत नव्हतं. संध्याकाळ होत आली तशी ऋतुजा नखं खाऊ लागली. मग रावांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, "रविवारीं तूं या मुलींबरोबर जातेस, तेथें चौथी खुर्ची मिळते कां?"

माझी पुण्याला बदली झाली होती, आणि तो माझा चेन्नईतला शेवटचा रविवार होता. सिनेमा नेहमीच्याच वळणाचा. ती रिक्षा चालवते, तो ट्रॅफिक पोलीस. दिवे गेल्यावर पाचच मिनिटांत रावांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. थिएटरचा दणदणाट त्यातून सहन होईना. मी मनात म्हटलं, झालं, आता उठतील. तर टीचर खुर्चीत वळून बसल्या, जवळजवळ पाठच पडद्याकडे. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडेल अशा बेताने. आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, त्यांनी रावांना सिनेमा सांगायला सुरुवात केली.

आम्हाला त्या दिवशी काही मिळालं नाही. "आपलं डबिंग बंद पडलं," ऋतुजा कुजबुजली. चार वर्षांच्या मोडक्या तमिळवर आम्ही भागवलं. पण खरं तर मी पडद्याकडे फारसं बघितलंच नाही. नायक रिक्षाची पावती फाडतो आणि नायिका ती चावून खाते, तिथे अख्खं थिएटर हसलं, हसून शांत झालं. टीचरचे ओठ अजून हलत होते. आणि मग त्या शांततेत राव एकटे हसले. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज नव्हता. पुढच्या दोन रांगा मागे वळून बघू लागल्या. टीचरनी त्यांना थांबवलं नाही. सिनेमा संपेपर्यंत हे असंच चाललं; सगळे आधी हसत, राव नंतर.

बाहेर ऊन होतं. राव पुढे रिक्षा बघायला गेले. मी टीचरना विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

त्या रावांच्या पाठीकडे बघत होत्या. घसा बसलेल्या, अर्ध्या आवाजात म्हणाल्या, "मज काय माहीत? मी पाहिलाच कोठें?"